चारच वस्तू निवडा, पण त्यांच्यापाशी थांबा

प्रश्न: मी सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. पुढच्या महिन्यात वर्गातल्या ४८ मुलांना घेऊन आम्ही एका विज्ञान केंद्रात जाणार आहोत. तिथं सगळ्या वस्तूंना हात लावता येतो, प्रयोग स्वतः करून बघता येतात. आम्हाला तीन तास मिळतील. माझ्यासह दोन शिक्षक आणि तीन पालक सोबत असतील. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्गाबरोबर गेले होते, तेव्हा मुलं या बटणाकडून त्या बटणाकडे नुसती पळत होती. परत आल्यावर काय पाहिलं म्हणून विचारलं, तर ‘खूप मजा आली’ यापलीकडे कोणाला काही सांगता येईना. म्हणून यंदा मुख्याध्यापकांनी पंचवीस प्रश्नांची कृतिपत्रिका भरून घ्यायला सांगितलं आहे. मला ती पटत नाही, पण त्याऐवजी काय करावं तेही सुचत नाही. वर्गातल्या एका मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेनं कानात बसवतात ते उपकरण) बसवलेलं आहे, त्याचीही काळजी वाटते. कसं नियोजन करू?
– एक विज्ञानशिक्षिका

उत्तर:

ताई, कृतिपत्रिका पटत नाही हे तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, पण मी सुरुवात तिथूनच करते. तुमचं मन बरोबर सांगतंय. ती पंचवीस प्रश्नांची पत्रिका नेऊ नका.

विज्ञान केंद्रात शाळांच्या गटांबरोबर मी बराच काळ काम केलं आहे. हातात प्रश्नांचा कागद असलेली मुलं लांबूनच ओळखू येतात. ती वस्तूकडे जात नाहीत, वस्तूशेजारच्या पाटीकडे जातात. पाटीवर वाक्य सापडलं की उतरवून घेतात, नाही सापडलं तर शेजारच्याच्या कागदात बघतात आणि पुढच्या क्रमांकाकडे धावतात. एखादी वस्तू ढकलून, फिरवून, पुन्हा एकदा करून बघायला पाच मिनिटं तरी लागतात. पाटी उतरवायला अर्धं मिनिट पुरतं. पंचवीस रकाने भरायचे असतील तर कुठलंही मूल अर्ध्या मिनिटाचा रस्ता धरणार, त्यात त्याचा काय दोष? गेल्या वर्षी मुलं बटणांमागे पळाली, यंदा पाट्यांमागे पळतील. फक्त परत येताना भरलेले कागद असतील, म्हणून काम झालं असं आपल्याला वाटेल.

मुख्याध्यापकांशी बोलताना फ्रँक ओपेनहायमर यांचं नाव जरूर घ्या. हे भौतिकशास्त्रज्ञ. राजकीय कारणांमुळे त्यांना संशोधनाचं काम सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी कोलोरॅडोमधल्या एका छोट्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. पुढे १९६९ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू केलं, आणि आज जगभरात हात लावून बघायची जी विज्ञान केंद्रं दिसतात त्यांतल्या कित्येकांनी तिथूनच धडे घेतले. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, असं ओपेनहायमर म्हणत. याचा वर्गातल्या शिक्षकाला थेट उपयोग आहे. गुण जाणार नाहीत अशी खात्री असली तरच मूल आपला अंदाज मोठ्यानं सांगतं, आणि अंदाज चुकला की तिथून खरं शिकणं सुरू होतं. कृतिपत्रिका नेमकी हीच खात्री काढून घेते.

आता गेल्या वर्षीच्या पळापळीबद्दल. तिला बेशिस्त म्हणू नका. संशोधक जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली सहलीला गेलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अनोळखी जागी गेलेली मुलं आधी ती जागाच समजून घेण्यात गुंततात आणि शिक्षकांनी ठरवलेला धडा मागे पडतो, असं त्यात दिसलं. साहजिकच आहे. उंच छत, चमकणारे दिवे, लांबून येणारे आवाज, शंभर वस्तू एकदम समोर. अशा ठिकाणी शिरल्याशिरल्या मुलांना एका वस्तूपाशी रांगेत उभं करून लक्ष द्या म्हणणं व्यर्थ आहे. त्यांचं लक्ष असतंच, फक्त सगळीकडे असतं.

त्यावर उपाय दोन, आणि दोन्ही करा. जाण्यापूर्वी वर्गात त्या जागेची ओळख करून द्या. केंद्राचा नकाशा फळ्यावर काढा, तुम्ही स्वतः काढलेले फोटो दाखवा. दार कुठं, पिशव्या कुठं ठेवायच्या, स्वच्छतागृह कुठं, डबा कुठं खायचा, हरवलं तर कुठं येऊन थांबायचं, हे सगळं मुलांना निघण्याआधी ठाऊक असू दे. बारीकसारीक वाटणाऱ्या या गोष्टी ठरलेल्या नसल्या की मुलांचं अर्धं डोकं त्यांतच अडकून राहतं. दुसरा उपाय म्हणजे पोचल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं दालन मोकळं सोडा. पळू नका, पण हवं तिथं जा, हवं ते हलवून बघा, असं सांगा. ही मिनिटं वाया जात नाहीत. ती वेळ तुम्ही दिली नाही, तर मुलं ती तुमच्या पुढच्या तासातून घेतात.

त्यानंतर मात्र नेमकेपणा हवा, आणि तुम्हाला खरं सांगायचं आहे ते इथंच. प्रत्येक मुलानं त्या दिवशी चारच वस्तू नीट बघाव्यात. एकेका वस्तूपाशी पंधरा मिनिटं थांबावं. चार हा आकडा तुम्हाला कमी वाटेल, पालकांना तर नक्कीच वाटेल. एवढ्या लांब नेलं आणि चारच वस्तू दाखवल्या, असं कोणीतरी म्हणेलच. पण बाकीच्या वस्तूंना बंदी नाही, मोकळ्या वेळात मुलं त्याही बघणारच आहेत. चार वस्तू अशा असाव्यात की त्यांच्याबद्दल मूल महिन्याभरानंतरही बोलू शकेल.

त्या चार वस्तू निवडायला तुम्हाला आधी एकटीनं तिथं जावं लागेल. याला पर्याय नाही. माहितीपत्रक वाचून निवड करू नका, त्यातल्या फोटोत सगळंच सुंदर दिसतं. दालनात उभं राहून स्वतः प्रत्येक वस्तू हाताळा. निवडताना मी एकच कसोटी लावते: या वस्तूत मुलाला स्वतःहून काही बदलता येतं का? नुसतं बटण दाबलं की दिवा लागतो आणि ठरलेलं दृश्य दिसतं, अशी वस्तू सोडून द्या, ती कितीही देखणी असली तरी. ज्यात कोन, वजन, अंतर, वेग, रंग यांतलं काहीतरी मुलाच्या हातात आहे ती घ्या. शिवाय तिच्याभोवती आठ मुलं उभी राहू शकतात का, शेजारी कानठळ्या बसवणारं काही नाही ना, हे बघा. दुरुस्तीसाठी काय बंद असणार आहे आणि त्या दिवशी आणखी किती शाळा यायच्या आहेत, हेही तिथल्या शिक्षण विभागात विचारून या. तीन शाळा एकाच वेळी असतील तर तारीख बदलून मागायला संकोच करू नका.

एक उदाहरण सविस्तर देते, म्हणजे ‘थांबा’ म्हणजे काय ते कळेल. अनेक विज्ञान केंद्रांत चढ चढणारा दुहेरी शंकू असतो. दोन शंकू रुंद बाजूंनी एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणजे मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता असा आकार. तो ठेवायला दोन रूळ असतात. एका बाजूला ते जवळजवळ आणि खाली, दुसऱ्या बाजूला लांब लांब आणि थोडे उंच. शंकू खालच्या बाजूला ठेवून सोडला की तो आपोआप वर चढत जाताना दिसतो. मुलं हे बघतात, ‘अरे, वर गेला!’ म्हणून ओरडतात, आणि वीस सेकंदांत पुढच्या वस्तूकडे निघतात. जाताना त्यांच्यातला कोणीतरी आत लोहचुंबक असणार असं ठामपणे सांगतो आणि बाकीच्यांना ते पटतं. म्हणजे वस्तू बघून मूल चुकीची समजूत पक्की करून बाहेर पडलं.

आता तिथंच थांबायचं. मोठ्या माणसानं काहीही समजावून सांगायचं नाही. फक्त म्हणायचं, शंकूकडे वरून नको, बाजूनं बघा. डोळे शंकूच्या टोकाच्या पातळीवर आणा. शंकूचं टोक सुरुवातीला टेबलापासून किती उंच आहे ते पट्टीनं मोजा. मग तो ‘वर’ गेल्यावर पुन्हा मोजा. मुलं मोजतात, आकडे बघतात, मग पुन्हा मोजतात, कारण पहिल्यांदा आपण चुकलो असं त्यांना वाटतं. टोक खाली आलेलं असतं! रूळ लांब होत जातात तसा शंकू त्यांच्या मधल्या जागेत खोल उतरत जातो. रूळ जितके चढतात त्याहून जास्त शंकू खाली बसतो. त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथं सगळं वजन एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू, सगळा वेळ खालीच चाललेला असतो. हे तुम्ही सांगितलं तर एक वाक्य, आणि मुलांनी पट्टीनं शोधलं तर त्यांचा स्वतःचा शोध. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: याच रुळांवर सरळ नळकांडं ठेवलं तर? आधी प्रत्येकानं अंदाज सांगायचा, मगच ठेवून बघायचं. नळकांडं कुठं जातं ते मी इथं लिहीत नाही, पाहणीला जाल तेव्हा स्वतः करून बघा.

या एका वस्तूत पंधरा मिनिटं सहज जातात, आणि लागली फक्त एक पट्टी. ती प्रत्येक गटाच्या पिशवीत असू द्या, सोबत थोडा दोरा, सेकंदकाट्याचं घड्याळ, पेन्सिल आणि कोरे कागद. कोरे म्हणजे कोरेच, रकाने आखलेले नकोत.

प्रश्न कसा विचारायचा हे मुलांना शिकवावं लागतं, ते आपसूक येत नाही. एक्स्प्लोरेटोरियममधल्या सू ॲलन आणि जोश गुटविल या संशोधकांनी याच्यावर फार उपयोगी काम केलं आहे. त्यांनी भेट द्यायला आलेल्या कुटुंबांना एक साधा खेळ शिकवला. वस्तू थोडी हाताळून झाली की सगळ्यांनी मिळून एक प्रश्न ठरवायचा. त्याला दोन अटी. त्याचं उत्तर गटात कोणालाच आधीपासून माहीत नसलं पाहिजे, आणि ते याच वस्तूवर करून शोधता आलं पाहिजे. मग प्रयोग करायचा आणि काय कळलं ते एकमेकांना सांगायचं. हा खेळ शिकलेले लोक पुढच्या नव्या वस्तूपाशीही, कोणी मदतीला नसताना, अधिक खोलात जाऊन प्रयोग करताना दिसले. नंतर सहलीला आलेल्या शाळकरी मुलांबरोबरही त्यांनी असंच काम केलं.

या दोन अटी तुमच्या फळ्यावर आठवडाभर आधीपासून लिहून ठेवा. सहलीपूर्वी वर्गात एखादा तास याच सरावाला द्या. त्यासाठी विज्ञान केंद्र लागत नाही, दोऱ्याला बांधलेलं खोडरबर पुरतं. ते झोके घेतं. मुलांना म्हणा, प्रश्न काढा. कोणीतरी विचारेल, हे झोका का घेतं? छान प्रश्न आहे, पण तो आत्ता या दोऱ्यावर करून तपासता येत नाही. कोणी म्हणेल, दोरा अर्धा केला तर दहा झोक्यांना किती वेळ लागेल? हा बसला दोन्ही अटींत. असा फरक चार-पाच उदाहरणांत मुलांच्या लक्षात येतो आणि मग ती आपापसांतच ‘हा नाही चालणार, हा करून बघता येत नाही’ असं म्हणायला लागतात. तुमची निम्मी तयारी तिथंच झाली.

सातवीसाठी आणखी एक वस्तू सुचवते, असली तर नक्की घ्या: रंगीत सावल्या. लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे पांढऱ्या भिंतीवर एकत्र पडतात आणि भिंत पांढरी दिसते. मूल मध्ये उभं राहिलं की भिंतीवर अनेक सावल्या, आणि त्या रंगीत! मुलं नाचतात, हात हलवतात, नाचू दे थोडा वेळ. मग विचारा, फक्त लाल दिवा झाकला तर भिंत कुठल्या रंगाची होईल? रंगपेटीच्या अनुभवावरून मुलं भलतीच उत्तरं देतात, आणि लाल व हिरवा मिळून पिवळा दिसतो हे तर त्यांना पहिल्यांदा पटतच नाही. काळी सावली कुठं सापडते, हे शोधायला लावा. तिन्ही दिवे एकाच वेळी अडतील अशी जागा शोधण्यासाठी त्यांना भिंतीजवळ-लांब करावं लागतं, आणि या हालचालीतच त्यांना कळतं की प्रत्येक सावली म्हणजे कुठल्या तरी एका किंवा जास्त दिव्यांची गैरहजेरी.

तांब्याच्या नळीतून सावकाश पडणारं चुंबक, फिरत्या खुर्चीवर बसून हात आत-बाहेर घेणं, समोरासमोर ठेवलेल्या मोठ्या तबकड्यांमधून कुजबुज ऐकणं, याही चांगल्या आहेत. फिरत्या खुर्चीपाशी मोकळे केस आणि ओढण्या बांधून घ्यायला सांगा.

आता माणसांचा हिशेब. ४८ मुलांचे चौघा-चौघांचे बारा गट करा. चौघांपेक्षा मोठ्या गटात दोन मुलं प्रेक्षकच होतात. तुम्ही एकूण सहा वस्तू निवडा, प्रत्येक गटाला त्यांतल्या चार द्या. म्हणजे एका वस्तूपाशी एका वेळी दोनच गट असतील. एक गट प्रयोग करेल तेव्हा दुसरा अंदाज सांगेल, मग अदलाबदल. दोन गटांमागे एक मोठं माणूस, म्हणजे त्याच्याकडे आठ मुलं. आठ डोकी मोजायला सोपी जातात. यासाठी सहा मोठी माणसं लागतील आणि तुम्ही सातव्या. तुम्ही कुठल्याच गटाशी बांधून घेऊ नका. कोणाला बरं वाटेनासं झालं, एखादी वस्तू बंद पडली, कुठला गट अडकून पडला, तर तिथं जाणारं कोणीतरी मोकळं हवं. म्हणजे आणखी दोन पालक मिळवा. गट तुम्ही पाडा, मुलांवर सोडू नका. कोण कोणाबरोबर गप्प होतं हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

पालकांची तयारी ही सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट आहे. प्रेमापोटीच, पण पालक उत्तरं देऊन टाकतात. मूल दांडीला हात लावतंय तोवर ‘बघ, असं फिरवायचं’ म्हणून स्वतःच फिरवून मोकळे होतात. काही जण पाटी मोठ्यानं वाचून दाखवतात. त्यांना आदल्या दिवशी अर्धा तास बोलवा आणि तीनच वाक्यं द्या: ‘आधी सांग, काय होईल?’, ‘आता एकच गोष्ट बदलून बघ’ आणि ‘तुला असं का वाटतं?’ बाकी वेळ गप्प राहायचं. उत्तर माहीत नसलं तर मलाही माहीत नाही, बघू या, असं म्हणायचं. शिकलेल्या पालकांना हे जास्त अवघड जातं, तेव्हा त्यांच्याशी थोडं जास्त बोला. केंद्रात मार्गदर्शक असतील तर त्यांनाही तुमचा बेत आधी कळवा, नाहीतर ते सवयीनं सगळं समजावून सांगायला लागतात.

आणखी एका गोष्टीकडे बारीक लक्ष असू द्या. गटात दांडी कोणाच्या हातात आहे? मी सतत बघत आले आहे की मिश्र गटात दांडी एखाद्या धीट मुलाच्या हातात जाते आणि मुली लिहून घेतात, कारण त्यांचं अक्षर चांगलं असतं. दिवसाअखेरीस लिहिणारीनं एकही वस्तू हलवलेली नसते. यावर नुसतं ‘सगळ्यांनी करा’ म्हणून भागत नाही. कामं वाटून द्या: एक हलवणार, एक मोजणार, एक लिहिणार, एक प्रश्न विचारणार. वस्तू बदलली की कामही बदलणार. चार वस्तू, चार कामं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सगळं एकदा येतंच. लाजरी मुलं ‘माझी पाळी आहे’ हे हक्कानं म्हणू शकतात, एरवी ती म्हणत नाहीत.

तीन तासांची वाटणी साधारण अशी बसते. पहिली पंधरा मिनिटं पिशव्या, स्वच्छतागृह, हजेरी यांत जातील. मग पंचवीस मिनिटं मोकळं फिरणं. मग चार वस्तूंचा एक तास. त्यानंतर सगळ्यांनी बाहेर किंवा एखाद्या शांत कोपऱ्यात बसून पंचवीस मिनिटं खाणं आणि विश्रांती. ही विश्रांती कापू नका. संग्रहालयात माणूस पायांनी आणि डोळ्यांनी दोन्हीकडून थकतो. बोस्टनच्या कला संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ सालीच या थकव्यावर लेख लिहिला होता. विश्रांतीनंतर चाळीस मिनिटं मुलांना आवडलेल्या कुठल्याही वस्तूकडे परत जाऊ द्या. ही वेळ मला फार मोलाची वाटते. पहिल्यांदा धावत गेलेलं मूल आता पट्टी घेऊन जातं. शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा डोकी मोजण्याची. केंद्रातला विज्ञानाचा कार्यक्रम किंवा तारांगण याच तीन तासांत बसवायचा मोह होईल, तो आवरा.

तुमच्या वर्गातल्या त्या मुलाबद्दल. काळजी योग्यच आहे, पण तो यावा आणि पूर्ण दिवस यावा. कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांनी स्थिर विजेच्या वस्तूंपासून लांब राहायचं असतं. केस उभे करणारं व्हॅन डी ग्राफ यंत्र आणि आत जांभळ्या ठिणग्या नाचणारा काचेचा प्लाझ्मा गोळा या त्यांतल्या मुख्य. त्यांच्यामुळे उपकरणात बिघाड होऊ शकतो. कानामागे आत चुंबक असल्यानं जोरदार चुंबकांच्या वस्तूंबद्दलही सावध राहावं लागतं. निघण्यापूर्वी त्याच्या पालकांमार्फत डॉक्टरांचा किंवा ऑडिओलॉजिस्टचा (श्रवणतज्ज्ञाचा) सल्ला लेखी घ्या, आणि केंद्राकडून अशा सगळ्या वस्तूंची यादी मागून घ्या. मग त्याच्या गटासाठीच्या चार वस्तू या यादीबाहेरच्या निवडा. पूर्ण गटासाठी, फक्त त्याच्यासाठी नव्हे. तिघं चुंबकाशी खेळतायत आणि तो लांब उभा आहे, असं व्हायला नको. पहिल्या आणि शेवटच्या मोकळ्या वेळात काय टाळायचं ते त्याला स्वतःला नकाशावर दाखवून ठेवा. सातवीतलं मूल आपली काळजी घेऊ शकतं, कुठं घ्यायची ते माहीत हवं. गोंगाटाच्या दालनात त्याला बोलणं ऐकायला त्रास होईल, म्हणून त्याच्या गटाची चर्चा शांत कोपऱ्यात आणि समोरासमोर होऊ दे. त्याच्या गटाबरोबरच्या मोठ्या माणसाला हे सगळं माहीत असलंच पाहिजे.

याच वेळी सगळ्या पालकांना संमतीपत्रात विचारून घ्या की मुलाला फिट येण्याचा त्रास आहे का. काही दालनांत झपझप उघडझाप करणारे दिवे असतात. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप काही जणांमध्ये झटका आणू शकते. अंधाराची, बंद जागेची, भोवळ येण्याची भीती असेल तर तेही विचारा. दम्याचा पंप, रोजची औषधं कोणाच्या पिशवीत आहेत, ते ज्याच्या त्याच्या सोबतच्या मोठ्या माणसाला ठाऊक हवं.

परत आल्यावरचा वर्ग दोन दिवसांच्या आत घ्या, आठवडा गेला की रंग उडतो. आणि तो वर्ग ‘काय काय पाहिलं?’ या प्रश्नानं सुरू करू नका, कारण त्याचं उत्तर ‘मजा आली’ हेच असतं. त्याऐवजी विचारा, कुठला अंदाज चुकला? मुलांना चुकलेले अंदाज फार स्पष्ट आठवतात आणि ती ते हिरिरीनं सांगतात. मग कोरे कागद बाहेर काढा. प्रत्येक गटानं एका वस्तूबद्दल एक पान लिहायचं: आम्हाला काय होईल वाटलं, आम्ही काय बदललं, काय झालं, आणि अजून काय कळलेलं नाही. शेवटचा भाग रिकामा राहिला तर परत पाठवा. ज्याला अजून काहीच विचारायचं नाही त्यानं वस्तू पुरती बघितलेली नसते.

त्याच आठवड्यात दुहेरी शंकू वर्गात बनवा. दोन सारखी प्लास्टिकची नरसाळी तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीनं जोडा. दोन लांब काठ्या किंवा मीटरपट्ट्या एका टोकाला जवळ आणि दुसऱ्या टोकाला लांब अशा ठेवा, लांब असलेली टोकं एखाद्या पातळ पुस्तकावर टेका. नरसाळी चढायला लागतील. मग पुस्तकं एकेक करून वाढवत जा. एका उंचीनंतर ती चढायची थांबतात आणि उलटी खाली येतात. ती उंची कुठली, आणि काठ्या आणखी फाकवल्या तर ती बदलते का? ज्या गटाला केंद्रात शंकू मिळाला नव्हता त्यालाही इथं तो मिळतो, म्हणून सहापैकी चारच वस्तू मिळाल्या ही तक्रारही मिटते.

मुख्याध्यापकांना द्यायला ती बारा पानं पुरेशी आहेत. सहलीपूर्वीच त्यांच्याकडे जा आणि सांगा, कृतिपत्रिकेऐवजी मी तुम्हाला बारा गटांची बारा पानं देईन, प्रत्येकात मोजलेले आकडे असतील आणि मुलांनी स्वतः काढलेले प्रश्न असतील. त्यांना मुलं काही शिकली याचा पुरावा हवा आहे, आणि ती मागणी रास्त आहे. शक्य झालं तर नरसाळ्यांच्या तासाला त्यांनाही वर्गात बोलवा, आणि पट्टी त्यांच्याच हातात द्या.